मळवलीची मोहिनी

चित्रपटाच्या इतिहासात कमलाबाई गोखले यांच्या वाट्याला बहुतेक वेळा एकच वाक्य येते. फाळक्यांच्या १९१३ सालच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये त्या मोहिनी झाल्या, त्यांच्या आई दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या, आणि भारतीय पडद्यावर प्रथमच स्त्रिया दिसल्या. वाक्य खरे आहे, पण त्यातून निघणारा अर्थ मला मान्य नाही. समाज मागे होता, सिनेमा पुढे गेला आणि फाळक्यांनी धाडसाने एक बंद दार उघडले, असा तो अर्थ. पुरावा नीट मांडला तर दिसते ते असे की, ते दार आधीच दोन बाजूंनी किलकिले झालेले होते. एका बाजूला फिरत्या नाटक मंडळीत पोट भरणारी, नवऱ्यापासून वेगळी झालेली एक बाई होती. दुसऱ्या बाजूला होता मावळातल्या मळवलीचा एक छापखाना.

चित्रकार रविवर्म्याने आणि त्याच्या भावाने १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला. मुंबईत प्लेगची साथ आल्यानंतर शतक संपता संपता तो लोणावळ्याजवळ, मळवलीला आला. पुढे तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला आणि १९७२ च्या आगीत त्याचा शेवट झाला. पुणे–मुंबई लोहमार्ग दारातून जात होता, त्यामुळे दगडांवरून उतरलेली लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला आणि दमयंती देशभर पोचायला अडचण नव्हती. पूर्वी देवीचे रूप मूर्तीत होते, आता ते कागदावर, मांसल, नऊवारी नेसलेले, दागिन्यांनी लवलेले असे घराघरांत आले. त्या चेहऱ्यांमागे खऱ्या बायका बसलेल्या होत्या. गोमंतकातल्या कलावंत घराण्यांतील स्त्रिया रविवर्म्यासमोर बसत, असे सांगितले जाते, आणि त्यात राजीबाई मूळगावकर यांचे नाव वारंवार येते. म्हणजे ज्या बाईला सभ्य घराच्या ओसरीवर बसायला कोणी बोलावले नसते, तिचा चेहरा देवी म्हणून त्याच घराच्या देवघरात गेला. हा मोठा सामाजिक व्यवहार होता आणि तो फार गवगवा न होता पार पडला. झोपाळ्यावरची मोहिनी हे रविवर्म्याचे असेच एक लोकप्रिय चित्र. कमलाबाईंच्या कितीतरी आधी मोहिनी मराठी भिंतींवर येऊन बसली होती.

याच परिसरात धुंडिराज गोविंद फाळके आले. जे. जे. कलाशाळा आणि बडोद्याचे कलाभवन यांत शिकलेल्या या माणसाने पुरातत्त्व खात्यात काम केले, रविवर्मा छापखान्यासाठी फोटोलिथोची कामे केली आणि नोकरी सोडल्यावर लोणावळ्यात स्वतःचा ‘फाळके एनग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स’ सुरू केला. तोच पुढे दादरला गेला आणि ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ झाला. यावर आक्षेप ठरलेला आहे. फाळक्यांना सिनेमाची दीक्षा मिळाली ती मुंबईत ‘द लाइफ ऑफ ख्राइस्ट’ पाहताना, लोणावळ्यात नव्हे. दीक्षेपुरते हे बरोबर आहे. पण ख्रिस्त पाहताना डोळ्यांसमोर कृष्ण आणि राम येत होते, हे स्वतः फाळक्यांनीच पुढे लिहिले आहे. ते राम-कृष्ण कोणत्या चेहऱ्यांचे, कोणत्या पोशाखातले असणार? ज्याची उमेदीची वर्षे देवादिकांचे ठसे उमटवण्याच्या धंद्यात गेली, त्याच्याकडे पौराणिक चेहऱ्यांचा साठा तयार होता. ख्रिस्तपटाने त्याला फक्त ते हलवता येतात हे दाखवले.

आता दुसरी बाजू. दुर्गाबाई कामत यांचे लग्न जे. जे. कलाशाळेत इतिहास शिकवणाऱ्या आनंद नानोस्कर यांच्याशी झाले होते. १९०३ च्या सुमारास दोघे वेगळे झाले. त्या काळी नवऱ्याचे घर सोडलेल्या बाईपुढे कोणते मार्ग होते ते वाचकांना सांगायला नको. दुर्गाबाईंनी नाटक धरले आणि पदरी असलेल्या मुलीलाही धरायला लावले. कमलाबाईंचा जन्म १९०० चा. चौथ्या वर्षापासून त्या रंगमंचावर उभ्या राहू लागल्या. शाळा अशी त्यांना मिळालीच नाही. मंडळी जिथे मुक्काम करील ते गाव, मंडळी जे खाईल ते जेवण. प्रतिष्ठित मराठी रंगभूमीवर तेव्हा स्त्री-भूमिका पुरुषांनीच करायच्या, हा नियम इतका पक्का होता की १९१३ मध्येच स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीने तो जणू कळसाला नेला. बालगंधर्वांचे शालू नेसणे घरंदाज बायका पाहून गिरवू लागल्या, आणि त्याच वर्षी एक खरी मुलगी कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. दोन घटनांचा हा योगायोग मला नेहमी बोलका वाटतो. रंगभूमीला बाई नको होती, कारण तिची बाई पुरुषाने उत्तम वठवलेली होती. सिनेमाकडे तसा पुरुष नव्हता. अण्णा साळुंके हे फाळक्यांना एका खाणावळीत सापडले होते आणि महिना पंधरा रुपयांवर ते ‘राजा हरिश्चंद्र’ची तारामती झाले. कलावंतिणींनीही सिनेमात यायला नकार दिला, अशी ती प्रसिद्ध कथा आहे. हेच फाळके काही महिन्यांतच रघुनाथराव गोखल्यांच्या चित्ताकर्षक नाटक कंपनीकडून आई आणि मुलगी दोघींना घेऊन आले.

त्यांना कोणत्या भूमिका दिल्या, इकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष जात नाही. भस्मासुर ज्याच्या डोक्यावर हात ठेवील तो भस्म होईल, असा शंकराचा वर. विष्णू मोहिनीचे रूप घेऊन नाचतो, असुर तिची नक्कल करतो आणि स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवतो. म्हणजे भारतीय पडद्यावरच्या पहिल्या नायिकेला जी स्त्री साकारायची होती ती मुळात पुरुष होती. रंगभूमीवर पुरुष स्त्रीचे सोंग घेत होता, आणि इथे एक मुलगी स्त्रीचे सोंग घेतलेल्या देवाचे सोंग घेत होती. यात योजना किती आणि योगायोग किती हे ठरवण्याची गरज नाही, पण सोय स्पष्ट दिसते. तिच्या नाचण्यावर कुणी बोट ठेवले तर उत्तर तयार होते: नाचतो आहे तो विष्णू. शेजारी पार्वती म्हणून सख्खी आई. शिवाय मुलगी तेरा वर्षांची. एवढ्या तीन कवचांत गुंडाळून पहिली अभिनेत्री पडद्यावर आली. धाडस म्हणायचेच तर ते दुर्गाबाईंचे म्हणावे लागेल. पदराला लागलेले बोल सोसायचे होते ते त्यांना.

असे म्हणता येईल की, मळवलीच्या चित्रांनी आणि ‘मोहिनी’ने वाट खरोखरच मोकळी केली असेल तर १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये पुन्हा अण्णा साळुंकेच कसे? तेही राम आणि सीता अशा दोन्ही भूमिकांत! आक्षेप जोरकस आहे आणि तो माझ्या मताला एक मर्यादा घालतो. चित्राने बाईच्या चेहऱ्याला संमती दिली, बाईला नाही. ती संमती प्रत्येक वेळी नव्याने, एकेका बाईच्या परिस्थितीप्रमाणे मिळवावी लागत होती. फाळक्यांनी ‘श्रीकृष्णजन्म’ आणि ‘कालियामर्दन’मध्ये स्वतःच्या मुलीला, मंदाकिनीला, कृष्ण केले. तिथेही तीच कवचे: लहान वय, घरचे माणूस, देवाची भूमिका. सीता मात्र साळुंक्यांच्याच वाट्याला राहिली. ती कवचे गळून पडायला एकोणीस वर्षे लागली. १९३२ मध्ये प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’त तीच तारामती दुर्गा खोटे यांनी केली, आणि त्या सुखवस्तू, शिकल्यासवरल्या घरातून आल्या होत्या.

कमलाबाई तोवर दूर निघून गेल्या होत्या. पंधराव्या वर्षाच्या आसपास रघुनाथरावांशी लग्न झाले. पंचविशीत वैधव्य आले, तेव्हा तिसरा मुलगा पोटात होता. त्यानंतर त्यांनी केले ते आईनेच केलेले: नाटक. स्त्रियांनी चालवलेल्या मंडळीत त्या पुरुष भूमिकाही करू लागल्या, म्हणजे बालगंधर्वांचे वर्तुळ त्यांनी उलट बाजूने पुरे केले. पुढे बोलपट आले, पस्तीसेक चित्रपटांत त्या दिसल्या, आणि शेवटचा ‘गहराई’ १९८० चा. मुलांपैकी लालजी आणि सूर्यकांत तबल्यात नावाजले, चंद्रकांत गोखले नट झाले आणि नातू विक्रम गोखले यांच्यापर्यंत तो धागा आला. रीना मोहन यांनी त्यांच्या उतारवयात त्यांच्यावर ‘कमलाबाई’ हा माहितीपट केला (१९९२). त्यात त्या स्वतःच्या तोंडाने बोलतात, म्हणून त्याचे मोल मोठे. एरवी पहिलेपणाचे बिरूद इतके गाजले की सात दशकांची नटी त्याखाली दडून गेली.

म्हणून माझे म्हणणे असे की, पहिल्या अभिनेत्रीचा मान मायलेकींचा एकत्र, आणि क्रम लावायचाच असेल तर आईचा आधी. आणि वाचकांना एक विनंती. घरी आजीच्या काळची लक्ष्मी किंवा मोहिनी असेल तर चौकट बदलताना कागदाची खालची कड कापू देऊ नका. त्या कडेवर कार्ले-लोणावळा असा ठिकाणाचा उल्लेख छापलेला सापडण्याची शक्यता आहे.