कॉक्लिअर इम्प्लांट: ऑपरेशन काही तासांचं, भामरागडच्या पालकांची धावपळ मात्र काही वर्षांची

ऑपरेशन झालं की मूल लगेच ऐकायला-बोलायला लागतं, असा कॉक्लिअर इम्प्लांटबद्दल अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ऑपरेशन हा त्यातला सगळ्यात छोटा टप्पा आहे. गडचिरोली आणि चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात खरी कसोटी त्यानंतर लागते.

आपल्या कानाच्या आत शंखासारखा, सुमारे पावणेतीन वेढ्यांचा एक भाग असतो. तोच कॉक्लिया. त्यातल्या सुमारे १५ हजार सूक्ष्म केसपेशी आवाजाच्या कंपनांचे विद्युत संदेश बनवतात आणि श्रवणाची नस ते मेंदूकडे नेते. या पेशी जन्मतःच काम करत नसतील किंवा मेंदूज्वरासारख्या आजाराने मेल्या, तर पुन्हा तयार होत नाहीत. श्रवणयंत्र आवाज फक्त मोठा करतं. पेशीच नसतील तर त्याचा फारसा उपयोग होत नाही.

इम्प्लांट या पेशींना वळसा घालतं. कानामागचा प्रोसेसर आवाज टिपतो, चुंबकाने डोक्याला चिकटलेली चकती त्याचे संकेत त्वचेतून आत पाठवते आणि कॉक्लियात सरकवलेले १२ ते २२ इलेक्ट्रोड नसेला थेट चेतवतात. (नाजूक तार या वळणांतून न्यायची कशी, हे कोडं ऑस्ट्रेलियाच्या ग्रॅम क्लार्क यांना १९७७ मध्ये समुद्रकिनारी शिंपल्यात गवताची काडी सरकवताना सुटलं. पुढच्याच वर्षी त्यांनी मेलबर्नमध्ये पहिलं रोपण केलं.)

१५ हजार पेशींचं काम इतक्या थोड्या इलेक्ट्रोडवर आल्यामुळे ऐकू येणारा आवाज नेहमीसारखा नसतो. त्याचा अर्थ लावायला मेंदूला शिकावं लागतं आणि लहान वयात हे शिकणं सोपं जातं. म्हणूनच केंद्राच्या ‘एडिप’ योजनेत जन्मतः बहिऱ्या मुलांसाठी १ ते ५ वर्षांची अट आहे. २०१४ च्या नियमांनुसार या योजनेतून एका इम्प्लांटसाठी ६ लाख रुपयांपर्यंत मदत मिळू लागली. मुंबईची अलियावर जंग संस्था हे काम पाहते.

म्हणजे पैशांची वाट निघू शकते. पण ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी यंत्र सुरू होतं, मग ते मुलाला जुळवून घेण्यासाठी पुन्हा पुन्हा ऑडिओलॉजिस्टकडे जावं लागतं आणि वाचा-उपचार तर वर्षानुवर्षं चालतात. भामरागडहून गडचिरोलीच सुमारे १८० किलोमीटर, नागपूर त्याच्याही पुढे जवळपास तेवढंच. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की गावाचा संपर्कच तुटतो. एका फेरीत मजुरी बुडते ती वेगळीच. शिवाय प्रोसेसर बॅटरीवर चालतो. ती संपली की मूल पुन्हा शांततेत.

भाषेचा प्रश्न तर क्वचितच चर्चेत येतो. घरात माडिया किंवा गोंडी, उपचार मात्र मराठी-हिंदीत. मूल भाषा शिकतं ते दिवसभर सोबत असणाऱ्या आई-आजीकडून. त्यामुळे घरच्या भाषेत बोलणं थांबवायला सांगणं हा उलटा सल्ला ठरतो.

सगळ्यात महाग पडतो तो उशीर. ‘आमच्याकडे मुलं उशिराच बोलतात’ म्हणत वर्षं निघून जातात. बाळ मोठ्या आवाजाने दचकत नसेल, सहा-सात महिन्यांचं होऊनही हाकेकडे वळत नसेल, तर आशाताईंना किंवा अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला लगेच सांगावं आणि ‘बेरा’ चाचणीबद्दल विचारावं. ती झोपलेल्या बाळावरही करता येते. मूल बोलायच्या वयाचं होईपर्यंत थांबावं लागत नाही.