मालिकेत न झालेलं बोलणं

‘पुढील भागात’ म्हणून मालिकेच्या शेवटी जी काही सेकंदांची झलक येते, ती बहुतेक घरांत कुणी नीट बघत नाही. तोवर ताटं उचलायला सुरुवात झालेली असते. छत्रपती संभाजीनगरच्या टीव्ही सेंटर भागातल्या एका घरात मात्र बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी तेवढ्यासाठीच मोबाइल सरसावून बसलेली असते. झलक सुरू झाली की ती टीव्हीच्या पडद्यावर कॅमेरा रोखते. नंतर तेवढाच तुकडा ती आवाज बंद करून पुन्हा पुन्हा बघते. नायिकेच्या हातात एखादा कागद असतो, नायक दारात थबकलेला असतो, मागे कुणीतरी पडद्याआड उभं असतं. पार्श्वसंगीत गेलं की चेहरा खरं काय सांगतोय ते कळतं, असं तिचं म्हणणं. ते कळलं की तिचं काम सुरू होतं.

तिची मालिका ‘ठरलं तर मग’. स्टार प्रवाहवर ५ डिसेंबर २०२२ रोजी ती सुरू झाली. आश्रमात वाढलेली सायली म्हणजे जुई गडकरी आणि वकील अर्जुन सुभेदार म्हणजे अमित भानुशाली. आश्रम चालवणारे मधुभाऊ खुनाच्या आरोपात अडकतात आणि त्यांना सोडवण्यासाठी ही दोघं करारावर लग्न करतात. गोष्टीचा सांगाडा ‘रोजा’ या तमिळ मालिकेवरून आलेला. पुढे कराराचं प्रेम होतं, पण ते एकमेकांना सांगायला दोघं फार, फार वेळ घेतात. असं का, याचं उत्तर धंद्याच्या गणितात आहे. आठवड्याला सहा भाग धरले तरी वर्षाला तीनशेच्या वर भाग होतात. दोघं समोरासमोर बसून मोकळेपणानं बोलली तर महिनाभराचा ट्रॅक एका संध्याकाळी संपून जाईल. म्हणून ऐन वेळी फोन लागत नाही, चिठ्ठी भलत्याच्या हाती पडते, दाराआडून अर्धंच वाक्य ऐकू येतं. या सगळ्याला चाहत्यांमध्ये ‘एमयू’ म्हणतात, म्हणजे मिसअंडरस्टँडिंग. ‘परत एमयू ट्रॅक’ एवढे तीन शब्द चाहत्यांच्या ग्रुपवर पडले की सगळ्यांना सगळं समजतं.

ती जे लिहिते त्याला फॅनफिक्शन म्हणतात, बोलताना नुसतं ‘एफएफ’. पात्रं मालिकेतली, प्रसंग आपले. एका बैठकीत वाचून संपणारी गोष्ट ती ‘ओएस’, म्हणजे वनशॉट. तिच्या ओएस एकापाठोपाठ एक वाचल्या तर एक गोष्ट ठळक दिसते. भांडण असो, आजारपण असो, दिवाळी असो, प्रत्येक गोष्टीत कुणीतरी कुणाला तरी समोर बसवतं आणि जे सांगायचं राहिलंय ते सांगून टाकतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की मुली नटाच्या प्रेमात पडून काहीबाही लिहीत असतात. जवळून पाहिलं तर दिसतं की त्या दुरुस्ती करत असतात. रोज रात्री टीव्हीवर माणसं एकमेकांशी बोलायची टाळतात आणि या मुली रोज रात्री त्यांना बोलतं करतात.

हे काम सोपं नाही. मोबाइलच्या नोट्समध्ये ती आधी तीन ओळी लिहिते: कुठे, कोण कोण, आणि आधी कोण बोलणार. पहिल्या दोन लगेच जमतात, तिसरीवर सगळं अडतं. अर्जुन आधी बोलला तर सायलीनं इतके दिवस जपलेला स्वाभिमान वाया जातो का? सायली आधी बोलली तर अर्जुनला काहीच करायला उरत नाही का? एका ओएसमध्ये तिनं दोघांना आधी स्वयंपाकघरात उभं केलं होतं. मग लक्षात आलं की एकत्र कुटुंबाच्या स्वयंपाकघरात दोन मिनिटं एकांत मिळत नाही, कुणीतरी पाणी प्यायला येतंच. तिनं प्रसंग उचलून गच्चीवर नेला आणि दोरीवरचे कपडे काढायचं काम दोघांच्या हाती दिलं. हात कामात असले की माणसं एकमेकांकडे न बघता बोलू शकतात, हे तिनं आपल्या घरी पाहिलेलं आहे. प्रसंग तिथे जमला. अर्जुननं कबुली दिली ती चादरीची दोन टोकं जुळवताना.

लिहिणं सगळं मोबाइलवर. कीबोर्डवर रोमन अक्षरं टाइप करायची आणि खाली येणारे देवनागरी शब्द निवडत जायचं. त्यात ऱ्हस्व-दीर्घाचे घोळ होतात. त्यासाठी उस्मानपुऱ्यात राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. दोघींची ओळख मालिकेच्या एका फॅनपेजवर झाली. बाई तिचा प्रत्येक भाग आधी वाचतात, ‘तीचा’चं ‘तिचा’ आणि ‘आणी’चं ‘आणि’ करतात, आणि त्याहून मोलाचं म्हणजे समासात प्रश्न टाकतात, जसा अर्जुनच्या आजीबद्दल: ‘पूर्णा आजी हे असं म्हणतील का गं?’ जगभरच्या फॅनफिक्शनमध्ये अशा वाचकाला ‘बीटा’ म्हणतात. ही मुलगी त्यांना बाई म्हणते.

शहर या लेखनात दोन वाटांनी शिरतं. एक वाट पाण्याची. जायकवाडी धरण इतकं जवळ, तरी संभाजीनगरच्या नळाला रोज पाणी येत नाही. कित्येक वसाहतींत ते वर्षानुवर्षं आठवड्यातून एकदा, कधी त्याहूनही उशिरा येत आलंय, आणि वेळेचा भरवसा नसतो. पाण्याच्या दिवशी घरातल्या कुणाला तरी जागावं लागतं. जागायचं काम तिनं आपणहून मागून घेतलंय. टाकी भरेपर्यंतचा वेळ हा तिचा लिहायचा वेळ. आई मधेच उठून विचारते, ‘काय गं, आलं का?’ ती म्हणते, ‘नाही अजून, झोप तू.’ मोठे प्रसंग तिनं याच रात्रींत लिहिलेत.

दुसरी वाट जास्त महत्त्वाची. मराठी मालिका बहुतेक करून मुंबईत घडतात, पुण्यात घडतात, अलीकडे कोल्हापूर-साताऱ्यात आणि कोकणात घडतात. मराठवाडा त्यांत क्वचितच दिसतो, दिसला तर दुष्काळापुरता. ज्या शहरात ‘जिगीषा’सारखी नाट्यसंस्था उभी राहिली, चंद्रकांत कुलकर्णी आणि प्रशांत दळवी जिथून पुढे गेले, त्या शहराच्या वाट्याला रोजच्या मालिकेतली साधी गल्लीसुद्धा येऊ नये, ही खरोखरच खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे. या मुलीच्या एका लांब कथेत अर्जुन एका खटल्यासाठी संभाजीनगरला येतो आणि सायली हट्टानं सोबत येते. दोघं रात्री उस्मानपुऱ्यात पान खातात, सकाळी पाणचक्कीच्या हौदाकाठी बसतात, बीबी का मकबरा बाहेरूनच बघतात, कारण त्यांचं भांडण झालेलं असतं. हॉटेलातला पोरगा त्यांना ‘कामून बसले बाहेर?’ असं विचारतो. या एका मराठवाडी ‘कामून’वर बीड, परभणी, जालन्याच्या वाचकांनी जितकं लिहिलं, तितकं कबुलीच्या प्रसंगावरही लिहिलं नव्हतं.

वाचक येतात ते प्रतिलिपी आणि वॉटपॅडवरून. प्रतिलिपी बंगळुरूत २०१४ साली सुरू झालं, त्यावर मराठीत भागांमागून भाग लिहिणाऱ्यांची मोठी वस्ती आहे. वॉटपॅड २००६ सालचं, टोरांटोतलं. चाहत्यांनी स्वतः चालवलेलं सगळ्यात मोठं घर म्हणजे ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’. तिथे जाहिरात नाही, सगळा कारभार स्वयंसेवक आणि देणग्यांवर चालतो, आणि २०१९ साली विज्ञानकथेच्या जगातला मानाचा ह्यूगो पुरस्कार या संग्रहाला मिळाला. मराठी लेखन तिथे अगदी मोजकं. या वाटेवरून पैशापर्यंत गेलेलेही आहेत. ई. एल. जेम्स यांची ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ आधी ‘ट्वायलाइट’ची फॅनफिक्शन होती आणि ॲना टॉड यांची ‘आफ्टर’ वॉटपॅडवर ‘वन डिरेक्शन’ या गायकांच्या चाहतीनं लिहिलेली गोष्ट म्हणून सुरू झाली. टीव्ही सेंटरच्या या घरात मात्र अजून एक रुपया आलेला नाही. प्रत्येक भागाच्या वर ती लिहिते की पात्रं वाहिनीची आणि निर्मात्यांची आहेत, कथा फक्त माझी. १९५७च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात फॅनफिक्शनचं वेगळं नाव नाही. ती ओळ कायद्यापेक्षा सभ्यतेसाठी असते.

दुसऱ्याची गोष्ट पुढे नेणं या मातीला नवं नाही. शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर पैठण आहे, संत एकनाथांचं गाव. एकनाथांचं ‘भावार्थ रामायण’ युद्धकांडात अपुरं राहिलं आणि त्यांचा शिष्य गावबा यानं ते पुरं केलं, असं परंपरा सांगते. नाथांचे नातू मुक्तेश्वर यांनी महाभारताची पर्वं स्वतःच्या थाटात मराठीत आणली. भक्तीची गोष्ट वेगळी आणि टीव्हीची वेगळी, हे खरंच. पण ज्या गोष्टीवर जीव जडलाय तिचा शेवट दुसऱ्या कुणी नाही केला तर आपण करायचा, ही ओढ दोन्हीकडे तीच आहे.

वाहिन्यांनाही ही ओढ ठाऊक आहे. ‘इस प्यार को क्या नाम दूँ?’ ही हिंदी मालिका २०१२ साली संपली, पण बरुण सोबती आणि सनाया इराणी यांच्या चाहत्यांनी अर्णव-खुशीला इतकं जिवंत ठेवलं की २०१७ साली त्यांच्यासाठी ‘एक जश्न’ ही छोटी वेबमालिका आली. मराठीत ‘दिल दोस्ती दुनियादारी’ २०१६च्या फेब्रुवारीत थांबली. वर्षभरानं तेच नट ‘दिल दोस्ती दोबारा’मध्ये वेगळ्या नावांनी, वेगळ्या गोष्टीत परतले. फॅनफिक्शन लिहिणाऱ्यांना हे ओळखीचं वाटलं, कारण तेच चेहरे घेऊन वेगळं विश्व रचणं हा त्यांच्याकडचा जुनाच प्रकार, त्याला ‘एयू’ म्हणतात, म्हणजे ऑल्टरनेट युनिव्हर्स. याच्या उलट ‘प्रेमाची गोष्ट’चं झालं. २०२५च्या जानेवारीत तेजश्री प्रधाननं मालिका सोडली आणि मुक्ताच्या भूमिकेत स्वरदा ठिगळे आली. नव्या अभिनेत्रीचा काही दोष नव्हता. पण ज्यांच्या गोष्टी अर्ध्यावर होत्या, त्यांनी आपल्या लेखनात जुनी मुक्ताच ठेवली. वाचतानाही डोळ्यांसमोर तीच येत होती.

शब्दांइतकंच काम चित्रांवर चालतं. वाळूजच्या एका कारखान्यात पाळीनं काम करणारा तरुण ‘एडिट’ करतो, म्हणजे मालिकेतले तुकडे गाण्यावर जोडून रील बनवतो. दुसरी पाळी संपवून तो घरी येतो, जेवतो आणि मोबाइलवर तुकडे कापायला बसतो. त्याचं कसब एका गोष्टीत आहे: तबल्याच्या ठेक्यावर पापणी मिटली पाहिजे. मालिकेत दोन पात्रांनी एकमेकांकडे तीन वेगवेगळ्या महिन्यांत टाकलेल्या नजरा तो अशा जोडतो, की जणू त्या एकाच क्षणी टाकल्या गेल्या. त्यासाठी जुने भाग पुन्हा बघावे लागतात. कोणत्या भागात हिरवी साडी होती आणि कोणत्या भागात नायकाच्या हाताला पट्टी होती, हे त्याला तोंडपाठ आहे. मुलीच्या कथेचा नवा भाग आला की तो त्यातल्या प्रसंगाला जुळणारा एडिट करतो. दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नाही. तो तिला ताई म्हणतो, वयानं मोठा असूनही, कारण लिहिणाऱ्या सगळ्याच इथे ताई.

गुरुवारी ग्रुपवर वेगळंच वारं असतं. त्या दिवशी प्रेक्षक मोजणाऱ्या बार्क या संस्थेचे टीआरपीचे आकडे बाहेर येतात. आपली मालिका वर राहिली तर जल्लोष, घसरली तर चिंता, कारण घसरण झाली की वेळ बदलते, लीप येतो, म्हणजे कथा एकदम काही वर्षं पुढे जाते, किंवा मालिका गुंडाळली जाते. बार्क आकडे काढतं ते ठरावीक घरांत बसवलेल्या मीटरवरून, ॲपवर बघणाऱ्यांचा त्यात हिशेब नसतो. तिकडे पैसे भरून भाग टीव्हीच्या आधी बघणारेही असतात. म्हणून ग्रुपवर नियम आहे की टीव्हीवर भाग होईपर्यंत कथा फोडायची नाही. नियम मोडणाऱ्याला एक दिवस गप्प बसवतात.

या जगात कडवटपणाही आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. खलनायिकेचं काम करणाऱ्या अभिनेत्रीच्या फोटोखाली माणसं तिला घाणेरडं बोलतात. दोन मालिकांचे चाहते एकमेकांच्या नायिकांवर तुटून पडतात. नायक-नायिकेच्या नटांची खऱ्या आयुष्यातही जोडी लावू पाहणारे त्यांच्या घरच्यांपर्यंत पोचतात. बाईंनी यावर एकदा ग्रुपवर लांबलचक लिहिलं: पात्राचा राग पात्रावर काढा, तो काढायला तुमच्याकडे कथा आहे. तेव्हापासून एफएफमध्ये खलनायिकेला स्वतःची बाजू मांडायला मिळायला लागली. एका भागात तर ती अख्खा भाग एकटीच बोलते, लहानपणापासून काय काय हातातून निसटलं ते सांगते. या मुलीच्या लेखनातला तो सगळ्यात चांगला भाग आहे, आणि त्याला वाचक सगळ्यात कमी मिळाले.

सध्या तिची लांब कथा अडली आहे ती एका हरकतीवर. अर्जुनला संभाजीनगरला आणण्यासाठी तिनं मधुभाऊंचाच खटला उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठात आणला होता. जालना रोडवरची ती इमारत ती कॉलेजला जाताना रोज बघते. नांदेडच्या कायद्याच्या एका विद्यार्थ्यानं लिहिलं, ‘ताई, १९८१ला सुरू झालेलं हे खंडपीठ मराठवाड्यासाठी आणि शेजारच्या जळगाव, धुळे, नंदुरबार, अहिल्यानगर या जिल्ह्यांसाठी आहे. मुंबईतल्या खुनाचा खटला इथे कसा येईल?’ तिनं आधी दुर्लक्ष केलं. मग बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, ‘तो बरोबर बोलतोय, दुरुस्त कर.’ आता अर्जुनला जालन्याच्या एका विधवेच्या जमिनीचं अपील मिळालंय, त्या विधवेला मधुभाऊंनी एकेकाळी आश्रमात आसरा दिला होता असं ठरतंय, आणि आधीचे चार भाग पुन्हा लिहायचे आहेत. नांदेडच्या विद्यार्थ्यानं अपिलाचे कागद कसे दिसतात ते समजावून पाठवलंय. पुढच्या पाण्याच्या दिवशी ती ते वाचणार आहे.