व्हिडिओ खेळांतील प्रकाशस्रोतांचे परिवर्तन

प्रकाशित झालेल्या व्हिडिओ खेळातील दिवे, मशाली, विजेऱ्या इ. प्रकाशस्रोत अधिक प्रखर करण्यासाठी खेळाडूंनी त्याच्या फायलींत किंवा आज्ञावलीत केलेला बदल. मूळ खेळात असे फेरबदल करण्याच्या प्रथेस ‘मॉडिंग’ व बदललेल्या फायलींच्या संचास ‘मॉड’ म्हणतात. पडद्याची उजळता वाढविणे आणि प्रकाशस्रोत प्रखर करणे या भिन्न क्रिया होत. पहिलीत तयार झालेले संपूर्ण चित्र उजळते व काळोखही करडा दिसू लागतो. दुसरीत दिव्याच्या कक्षेतील पृष्ठभाग तेवढे उजळतात.

खेळातील दिवा म्हणजे वस्तुतः स्थान, रंग, तीव्रता आणि व्याप्ती दर्शविणाऱ्या संख्यांचा संच असतो. तथापि केवळ तीव्रतेची संख्या वाढवून भागत नाही. सर्वसाधारण पडद्यावर प्रत्येक चित्रबिंदूतील लाल, हिरव्या व निळ्या रंगांची मूल्ये ० ते २५५ असतात. त्यापलीकडील मूल्य छाटले जाते व दिव्याजवळील भिंतीचा पोत पुसला जाऊन तेथे पांढरा डाग उमटतो. म्हणून तीव्रतेबरोबरच व्याप्ती आणि अंतरानुसार होणारी घट यांचाही मेळ घालावा लागतो.

बदल किती सुलभ होईल, हे खेळाच्या रचनेवर अवलंबून असते. अमेरिकेतील इड सॉफ्टवेअर या संस्थेच्या ‘डूम’ (१९९३) या खेळात नकाशाच्या प्रत्येक विभागाला उजळतेचे एकच मूल्य दिलेले होते. ‘क्वेक’ (१९९६) मध्ये दिव्यांचा प्रकाश आधीच गणून नकाशात साठविलेला असे. त्यामुळे दिवा बदलल्यास ते गणित पुन्हा करावे लागे. ‘डूम ३’ (२००४) मध्ये प्रकाश व छाया यांचे गणन खेळ चालू असतानाच होऊ लागले. त्यामुळे परिवर्तन सोपे झाले. परंतु दिव्याची व्याप्ती वाढली की अधिक पृष्ठभाग व छाया गणाव्या लागून खेळाची गती मंदावते.

‘डूम ३’ हे या विषयातील बोधप्रद उदाहरण होय. मंगळावरील काळोख्या तळात घडणाऱ्या या खेळात विजेरी व शस्त्र एकाच वेळी हाती धरता येत नसे. पाहणे किंवा लढणे यांपैकी एकाची निवड करावी लागे व भीतीचा परिणाम त्यातूनच साधला जाई. अनेकांना हे बंधन अस्वाभाविक वाटले. प्रकाशनानंतर थोड्याच दिवसांत ‘डक्ट टेप’ नावाचा मॉड निघाला. त्यात बंदुकीला जणू चिकटपट्टीने विजेरी बांधलेली होती. २०१२ च्या सुधारित आवृत्तीत निर्मात्यांनीच चिलखतावर बसविलेली विजेरी दिली. सोय झाली, मात्र त्या निवडीतील ताण ओसरला.

काही खेळांत प्रकाश हा नियमाचाच भाग असतो. ‘थीफ’ (१९९८) मध्ये पहारेकऱ्यांना चोर दिसणे त्याच्यावर पडणाऱ्या उजेडावर अवलंबून असते. तेथे दिवे प्रखर केल्यास खेळाडूची लपण्याची जागाच कमी होते. ‘माइनक्राफ्ट’ मध्ये प्रकाशाची पातळी ० ते १५ असून मशालीची १४ असते व ती प्रत्येक ठोकळ्यागणिक १ ने घटते. अंधारात राक्षस उत्पन्न होत असल्याने मशालीची पातळी वाढविणे म्हणजे सुरक्षित क्षेत्र वाढविणे होय; परंतु कमाल मर्यादेमुळे ही वाढ एका ठोकळ्यापुरतीच होऊ शकते. अनेकांनी मिळून खेळावयाच्या स्पर्धेत असा बदल एका पक्षास अन्याय्य लाभ देतो. त्यामुळे काही खेळांत सर्वांच्या फायली समान असल्याची तपासणी केली जाते. एकट्याने खेळताना मात्र, विशेषतः मंद दृष्टीच्या खेळाडूस, अशा परिवर्तनामुळेच खेळ सुगम होऊ शकतो.