सातारचे पारसनीस आणि मार्टिनसाहेबाचं पत्र

इतिहासकार दत्तात्रय बळवंत पारसनीस आठवतात ते एकतर मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत लिहिणाऱ्या किंकेडच्या जोडीनं, नाहीतर इतिहासाचार्य राजवाड्यांनी झोडपलेले म्हणून. 1900 साली त्यांनी ब्रह्मेंद्रस्वामींचं चरित्र लिहून स्वामींना पहिल्या बाजीरावाच्या राजकारणाचं गुरुपद बहाल केलं. राजवाड्यांनी आपल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या तिसऱ्या खंडाच्या प्रस्तावनेत त्या थोरवीची पार सालं काढली. त्या भांडणात मी राजवाड्यांच्या बाजूचा. तरी या सातारकराचा नाद मला जुना आहे, आणि तो लागला झाशीच्या राणीपायी.

विद्यापीठाची पदवी नसलेल्या या पोरानं 1887 मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षाच्या आसपास, साताऱ्यात ‘महाराष्ट्र कोकिळ’ हे मासिक काढलं. पुढं ‘भारतवर्ष’, 1908 पासून ‘इतिहाससंग्रह’, मेणवलीचं नाना फडणविसांचं दफ्तर, रावबहादुरी. हे सगळं सर्वश्रुत आहे. मला अडवून धरतं ते 1894 चं लक्ष्मीबाईंचं चरित्र. तेव्हा इंग्रजांच्या लेखी राणी म्हणजे जून 1857 मध्ये झाशीच्या झोकनबागेत झालेल्या गोऱ्यांच्या कत्तलीची सूत्रधार. तिचा दत्तक मुलगा दामोदरराव इंदुरात तुटपुंज्या पेन्शनीवर दिवस काढत होता. अशा वेळी तेवीस-चोवीस वर्षांच्या पारसनीसांनी या दामोदररावांना आलेलं एक पत्र छापलं.

तारीख 20 ऑगस्ट 1889. लिहिणारा मार्टिन नावाचा इंग्रज. तुमच्या आईवर घोर अन्याय झाला, असं तो सांगतो. कत्तलीत तिचा काडीचाही हात नव्हता. उलट किल्ल्यात अडकलेल्या गोऱ्यांना तिनं दोन दिवस जेवण पुरवलं, करेऱ्याहून शंभर बंदूकवाले मदतीला आणवले, स्कीन आणि गॉर्डन या अधिकाऱ्यांना दतियाला निघून जा म्हणून बजावलं. त्यांनी ऐकलं नाही, आणि मारले गेले. घटनेनंतर बत्तीस वर्षांनी लिहिलेलं हे पत्र. मार्टिन नेमका कोण, यावर अजून वाद आहे. मात्र 1857 वर गंभीरपणे लिहिणाऱ्याला ते टाळून पुढं जाता येत नाही.

पारसनीसांची राणी नाइलाजानं लढाईत ओढली गेलेली. हे झोंबलं हिंदी कादंबरीकार वृंदावनलाल वर्मांना. त्यांचे पणजोबा दिवाण आनंदराय राणीच्या बाजूनं लढताना पडले होते. घरातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेली राणी स्वराज्यासाठी लढणारी होती आणि पुस्तकातली तर नाइलाजाची! त्या चिडीतून 1946 ची त्यांची राणीवरची कादंबरी उतरली.

आता दोघांचं काय करायचं? राणीनं जबलपूरला कमिशनर अर्स्किनला 12 आणि 14 जून 1857 ला लिहिलेली पत्रं सरकारी दफ्तरात मिळाली. बंडवाल्यांनी धमकावून पैसे उकळले, मी हतबल आहे, मदत पाठवा, असा त्यांचा मजकूर. ती वाचताना मला पारसनीसच पटतात. पण मार्च 1858 मध्ये झाशीला वेढा घालणाऱ्या इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या तोफांना तोफांनी उत्तर देणारी, झाशी पडल्यावर काल्पी गाठणारी आणि पुढं ग्वाल्हेर घेणारी बाई नाइलाजाच्या त्या चौकटीत मावत नाही. तिथं पारडं वर्मांचं जड.