ओट्यावर चढणारे पिल्लू आणि विस्मरणात गेलेले शिंके

माळव्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहा अंशांखाली उतरतो, तेव्हा उज्जैनच्या घरांतील मांजराच्या पिल्लाला सर्वांत उबदार जागा अचूक सापडते. ती म्हणजे स्वयंपाकघरातील ओटा. शेगडीने तापलेला दगड, शेजारी दुधाचे पातेले आणि वरून साऱ्या घरावर नजर ठेवण्याची सोय. पिल्लाने तेथे चढू नये, असे एकही कारण त्याच्या दृष्टीने नसते.

राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांनी अठराव्या शतकात उज्जैनचे महाकालेश्वर मंदिर पुन्हा उभारले. गोमंतकीय वाचकांना हे आडनाव परके वाटू नये. शिंद्यांच्या काळापासून तेथे मराठी कुटुंबे नांदत आली. जुन्या मराठी घरांत चूल जमिनीवर असे आणि दूध-लोणी आढ्याला टांगलेल्या शिंक्यात. शिंके तुटले की बोक्याचे फावते, हे मराठी माणूस म्हणीतून शिकला. मांजराला शिस्त लावण्याच्या भरीस कोणी पडत नसे; दूधच त्याच्या आवाक्याबाहेर ठेवले जाई. पुढे उभे ओटे आले, शिंकी गेली आणि भांडण सुरू झाले.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग येथे उपयोगी पडतात. भुकेले मांजर पेटीत कोंडून बाहेर खाद्य ठेवले जाई. धडपडीत योगायोगाने कळ दाबली गेली की दार उघडे आणि पुढच्या खेपांना ती क्रिया हळूहळू लवकर घडू लागे. ज्या कृतीला फळ मिळते ती टिकते. उज्जैनच्या ओट्यावर हे फळ सायीचे असते, गोव्यात बहुधा बांगड्याचे. दहा वेळा ओटा रिकामा सापडला आणि अकराव्यांदा तुकडा मिळाला, तरी पिल्लू पुढे कितीतरी दिवस आशेने चढत राहते.

ओरडणे, पाणी फवारणे किंवा फटका मारणे यातून पिल्लू एवढेच शिकते, की माणूस समोर असताना वर जाऊ नये. रात्री ओटा पुन्हा त्याचाच. वर माणसाची भीती बसते ती वेगळीच. म्हणून आधी ओटा कोरडा व रिकामा ठेवावा, दूध निवताच झाकून आत ठेवावे, मासळीचे खवले आणि पाणी लगेच पुसावे. त्याच वेळी खिडकीशी एखादे उंच स्टूल, त्यावर जुन्या गोधडीचा तुकडा, अशी पिल्लाची हक्काची जागा करावी. उंचीची ओढ उपजत आहे. ती मोडण्यापेक्षा तिला वाट देणे सोपे. पिल्लू स्टुलावर बसताच, त्याच क्षणी, उकडलेल्या चिकनचा बारीकसा तुकडा द्यावा. ओट्यावर गेले तर न बोलता दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवावे. घरातील सर्वांनी एकच नियम पाळायला हवा. आजीने ओट्यावरून हळूच पोळीचा तुकडा दिला, की आठवड्याची मेहनत वाया जाते.

ओट्याच्या कडेला काही दिवस दुहेरी चिकटपट्टी लावता येते. पंजाला चिकटणारा पृष्ठभाग मांजरांना आवडत नाही. निलगिरीचे तेल किंवा डांबराच्या गोळ्या मात्र वापरू नयेत, ती मांजरांना विषारी ठरतात. चिरलेला कांदा-लसूणही उघडा राहू देऊ नये. त्याने त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. सर्वांत मोठा धोका शेगडीचा. बर्नर विझल्यावरही बराच वेळ तापलेला असतो आणि पंजाची गादी भाजायला क्षण पुरतो. सवय लागेपर्यंत स्वयंपाकाच्या वेळी दार लावून घेणेच इष्ट.

या त्रासाला कंटाळून पिल्लू पिशवीत घालून बाजारात सोडून येणारी माणसे आहेत. दूध तुटलेल्या, दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाचा तेथे निभाव लागणे कठीण. खरे तर या वयात त्याला दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे खाणे लागते. त्यातले एक स्वयंपाकाला लागण्यापूर्वी, दहा मिनिटे दोरीशी खेळवून दिले, तर फोडणीचा वास सुटेपर्यंत पिल्लू बहुधा गोधडीवर झोपलेले असते.