एक दिवस जास्तीचा

भाईंदरच्या खाडीकाठी राहणाऱ्या आपल्याला उंचीची सवय नाही. राज्यातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही १,६४६ मीटरच.

हिमालयात जायचं ठरलं की मंडळी पाठीवर भरलेली सॅक घेऊन इमारतीचे जिने चढतात, रविवारी सह्याद्रीतला एखादा गड गाठतात. हे करायलाच हवं. पण दम कमावला म्हणजे उंची सोसेलच, असं नाही. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब जवळपास निम्मा होतो आणि श्वासागणिक मिळणारा प्राणवायूही. शरीराला त्याची सवय व्हायला दिवस लागतात. धडधाकट तरुणालाही त्यातून सूट नाही. म्हणून तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये. तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं.

सामानात सुती कपडे नकोत; ओले झाले की वाळत नाहीत, अंग गारठतं. लोकरी मोजे, कानटोपी, एकावर एक घालायचे पातळ गरम कपडे आणि पायात रुळलेले बूट घ्या. औषधं डॉक्टरांना विचारूनच.

वर डोकं दुखलं, मळमळलं तर लपवू नका, आणखी चढू नका. तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर लगेच खाली उतरवा, सोबत कुणीतरी हवंच. पण रजा मोजकी, तिकीट काढलेलं. मग माणूस त्रास लपवतो. म्हणून परतीचं तिकीट एक दिवस उशिराचं काढा. सॅकमध्ये त्याचं वजन होत नाही.