रंगाखालचा नंबर

आमच्या बीड जिल्ह्यातल्या आष्टी-पाटोद्याकडच्या वरातीत हल्ली घोड्याऐवजी उघडी जीप असते. बॉनेटवर पांढरी चांदणी, चांदणीभोवती वर्तुळ, कडेला स्टेन्सिलनं मारलेला कसला तरी लांबलचक आकडा. नवरदेव उभा, मागे डीजे. मालकाला विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "मिलिट्रीची आहे साहेब, दुसऱ्या महायुद्धातली." मी उत्तराची वाट न बघता पुढच्या जाळीच्या फटी मोजतो. त्या बहुधा सात भरतात. युद्धातल्या जीपला नऊ असतात.

या सात आणि नऊमध्ये बराच इतिहास आहे. अमेरिकी सैन्यासाठी एकच जीप दोन कंपन्यांनी बनवली, विलीज आणि फोर्ड. दोन्ही मिळून सहा लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. १९४२च्या सुरुवातीपर्यंतच्या विलीजला पट्ट्या जोडून केलेली जाळी होती, नंतर फोर्डची सोपी, एकाच पत्र्यातून ठोकलेली नऊ फटींची जाळी दोघांनी घेतली. सुरुवातीच्या गाड्यांच्या मागच्या पत्र्यावर कंपनीचं नाव उठवलेलं असे. सरकारी पैशानं खासगी जाहिरात नको म्हणून १९४२मध्ये ते बंद झालं. फोर्डनं मात्र आपल्या बोल्टांच्या डोक्यावर छोटा 'एफ' ठेवलाच. आजही जुन्या जीपचा जाणकार गाडीखाली आडवा होऊन आधी बोल्ट बघतो. चासीचा नंबर बघायची जागाही दोघांची वेगळी: विलीजचा नंबर चासीच्या डाव्या दांड्याला आतून रिव्हेट केलेल्या पट्टीवर, फोर्डचा त्याच दांड्याच्या वरच्या अंगाला थेट ठोकलेला. फोर्डची चासी आणि विलीजचं इंजिन असा संसार आपल्याकडे सर्रास सापडतो. तो कमीपणाचा मानायचं कारण नाही, गाडी कुठे कुठे राबली त्याची ती नोंद आहे.

बॉनेटवरच्या आकड्यालाही व्याकरण होतं. पाव टनी जीपचा अमेरिकी नोंदणी क्रमांक '२०'नं सुरू होई, आधी तो फिकट निळसर रंगात असे, पुढे पांढऱ्यात. चांदणी १९४२पासूनची. तिच्याभोवतीचं वर्तुळ आलं १९४३च्या सिसिली मोहिमेच्या वेळी, कारण नुसती चांदणी लांबून जर्मन क्रॉससारखी दिसे. तेव्हा तारखेच्या पट्टीवर १९४२ असलेली गाडी कारखान्यातून निघाली तशीच म्हणून दाखवताना कुणी बॉनेटवर वर्तुळातली चांदणी काढली असेल, तर रंगाऱ्याचा हात कितीही सफाईदार असो, त्याला तारीख कळलेली नाही.

आता सात फटींकडे. महिंद्र अँड मोहम्मद ही कंपनी १९४५मध्ये निघाली. त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८मध्ये कंपनीच्या पाटीवर दुसरे महिंद्र आले. त्याच सुमारास मुंबईत विलीजचे सुटे भाग जोडून जीप तयार होऊ लागली. पुढे सात फटींचीच सीजे-३बी आली. तिचं इंजिन उंच, म्हणून बॉनेटही उंच. ही उंच बॉनेटची जीप मराठवाड्यात साखर कारखान्यांनी वापरली, निवडणुकांच्या प्रचारानं वापरली, काळ्या-पिवळ्या रंगात तिनं दाराला लटकणारी माणसंही वाहिली. आपली खरी जीप ती. तिनं सिसिली पाहिली नाही, म्हणून तिच्या कपाळी चांदणी काढणं मला आजोबांच्या फोटोला परक्याचं पदक टाचण्यासारखं वाटतं. तिच्याजवळ स्वतःची पितळी पट्टी आहे, मुंबईचं नाव असलेली. ती घासून चकचकीत करायची नसते. मऊ कापड आणि थोडं तेल पुरतं.

फौजेतून थेट आपल्याकडे आलेल्या गाड्याही आहेत. वापरातून काढलेली लष्करी वाहनं माजी सैनिकांना देण्याची योजना संरक्षण खात्याच्या पुनर्वसन महासंचालनालयाची आहे, बाकीचा माल लिलावात निघतो. जबलपूरला जर्मन मान कंपनीच्या परवान्यावर १९५९पासून बनलेला शक्तिमान ट्रक आणि निसानच्या आराखड्यावरची, १९६९ ते १९९९ या काळात बनलेली जोंगा, दोन्ही अशाच वाटेनं शेतावर आली. त्यांच्यावरची पहिली खूण म्हणजे वर टोक केलेला बाण आणि त्यापुढे खरेदीच्या वर्षाचे दोन आकडे. हा बाण मूळचा इंग्रजांच्या शस्त्रखात्याचा, सरकारी मालाचा शिक्का. एके काळी तो विलायतेत कैद्यांच्या कपड्यांवरही छापत. याशिवाय डिव्हिजनचं चिन्ह, युनिटचा आकडा आणि पुढच्या बाजूला पिवळ्या गोलातला काळा अंक. तो अंक पाहून पुलावरचा जवान ठरवतो, हे ओझं पूल पेलेल की नाही. गाव मात्र त्याला 'गाडीचा नंबर' म्हणतं.

खरं काम रंगवण्याचं नाहीच, शोधण्याचं आहे. आमच्याकडचा पेंटर गाडी हाती आली की आधी खरवडतो, मग लांबी भरतो, मग मारतो. त्याचा दोष नाही, त्याला तसंच शिकवलंय. पण खरवडलेल्या भुकटीत गाडीचा सगळा जन्म गेलेला असतो. करायचं असं, की एका जागी बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून गोल गोल, अगदी हलक्या हातानं घासायचा. थोड्या वेळानं कांदा आडवा कापल्यासारखी कडी दिसू लागतात: वर लग्नातला पांढरा, त्याखाली साखर कारखान्याचा निळा, त्याखाली प्रायमर, मग एक हिरवा आणि त्याखाली दुसरा, जुना हिरवा. ज्या थरात अक्षराची कड लागते तिथे थांबायचं. त्याआधी एक बिनखर्ची उपाय करून बघा. रात्री अंधारात बॉनेटला टॉर्च अगदी तिरका लावा. स्टेन्सिलच्या जाड रंगाची कड चार थरांखालूनही सावली टाकते. अशा उजेडात एका जीपच्या बॉनेटवर मला अर्धवट '२०' दिसला होता. पुढच्या आठवड्यात मालकानं गाडी पावडर कोटिंगला दिली. ती भट्टीतून परत आली तेव्हा आरशासारखी होती आणि तिच्यावर काहीही नव्हतं.

मूळ रंग कुठे सापडेल? जिथे रंगाऱ्याचा ब्रश पोचत नाही तिथे: ड्रायव्हरच्या सीटखालच्या पेट्रोलच्या टाकीमागे, पट्ट्यांच्या पाठीमागे, बॉनेटच्या बिजागरीच्या आत. बीड कोरड्या हवेचा जिल्हा. दुष्काळानं आपलं पुष्कळ नेलं, पण पत्रा कोकणापेक्षा बरा राखला.

या सगळ्याची शाळा बघायची तर नगरला जावं. (आता अहिल्यानगर. आमच्या तोंडी अजून नगरच.) १७ सप्टेंबर २०२५पासून बीडहून रेल्वेही सुरू झाली, तीही मराठवाडा मुक्तिदिनी. तिथे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलचं रणगाडा संग्रहालय आहे, फेब्रुवारी १९९४मध्ये सुरू झालेलं, पन्नासेक वाहनांचं. रोल्स रॉइसची चिलखती गाडी, चर्चिल, व्हॅलेंटाइन, जपानी हा-गो आणि ची-हा, पाकिस्तानकडून आलेले पॅटन. पकडलेल्या रणगाड्यावर त्याच्या मूळ पलटणीची खूण राहिली तरच तो पकडलेला वाटतो. आपल्या हिरव्यात न्हाला की उरतं नुसतं जुनं लोखंड. म्हणून अशा ठिकाणी रंगाचा डबा उघडणाऱ्याच्या हाती पुष्कळ काही असतं.

त्याच आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये 'फामागुस्ता' जपून ठेवलेला आहे. जेएक्स २०२ क्रमांकाचा सेंच्युरियन. सायप्रसमधल्या एका बंदराचं हे नाव पूना हॉर्सच्या या रणगाड्यावर होतं. १६ डिसेंबर १९७१ला बसंतरच्या लढाईत तो पेटला, माघारीचा हुकूम आला, पण तोफ अजून चालतेय म्हणून एकवीस वर्षांचा सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल मागे फिरला नाही. पुण्यात जन्मलेला मुलगा. मरणोत्तर परमवीर चक्र. युद्धानंतर रणगाडा दुरुस्त करून घेतला गेला. माझ्या मते, त्यावर नाव आणि क्रमांक परत लिहिणं ही सजावट नाही, ती ओळख पटवणं आहे. ते दोन शब्द पुसले तर उरलेला सेंच्युरियन इतर कुठल्याही सेंच्युरियनसारखा आहे. त्याच पलटणीचे अर्देशीर तारापोर यांना १९६५चं परमवीर चक्र मिळालं. ते मूळचे निजामाच्या हैदराबाद फौजेतले, म्हणजे ज्या राज्यात तेव्हा आपलं बीड होतं त्या राज्याचे. एकाच माणसाच्या कारकिर्दीत फौज बदलली, झेंडा बदलला, चिन्हं बदलली. मग 'अस्सल' खूण कोणती? जीपलाही हाच प्रश्न आहे. विलीजच्या टोलेडोतल्या कारखान्यात जन्मलेली, अमेरिकी फौजेची, मग डिस्पोजलची, मग आपल्या फौजेची, मग साखर कारखान्याची. मी म्हणेन, शेवटची लष्करी खूण ठेवावी, आधीच्या खुणांचा एकेक तुकडा उघडा राखावा आणि कारखान्याचा निळाही सगळा घालवू नये.

आता कायदा. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९मधला १२१ क्रमांकाचा नियम सांगतो, संरक्षण खात्याची नसेल तर कुठलीही गाडी ऑलिव्ह ग्रीन रंगात रंगवायची नाही. म्हणजे लिलावातली गाडी बीडच्या एमएच २३ किंवा अंबाजोगाईच्या एमएच ४४मध्ये पासिंगला न्यायची तर सर्वात आधी तिचा मूळ रंग घालवावा लागतो. याच नियमावलीत जुलै २०२१मध्ये विंटेज गाड्यांची तरतूद आली: पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली गाडी, 'व्हीए' अक्षरांची वेगळी पाटी, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क आणि रोजच्या वापराला मनाई. एक नियम मूळ स्वरूप मागतो, दुसरा मूळ रंग ठेवू देत नाही. फौजेची नक्कल करून कुणी कँपात शिरू नये ही काळजी मला पटते. पण प्रदर्शनापुरती निघणारी, व्हीए पाटीची १९४४ची जीप बघून कोण फसेल? विंटेज नोंद झालेल्या लष्करी वाहनांना १२१मधून लेखी सूट मिळाली पाहिजे, तीही खुणांची कागदोपत्री तपासणी करून. तोवर उपाय एकच, बाहेरून कायद्याला चालेल तो रंग द्या आणि टाकीमागे, पट्टीखाली, बॉनेटच्या आतल्या अंगाला तळहाताएवढा मूळ थर वार्निश मारून जसाच्या तसा सोडा.

एक गोष्ट मात्र निक्षून. बाजारात नव्या पट्ट्या मिळतात, हवी ती तारीख ठोकून. तशी पट्टी लावणं म्हणजे खोटा जन्मदाखला. हरवलेल्या पट्टीच्या जागी कोरी लावा किंवा भोकं तशीच राहू द्या. आणि चासीच्या नंबराला पंच लावू नका, तो सरळ गुन्हा आहे.

तुमच्या वाड्यात, शेडमध्ये, चिंचेखाली अशी एखादी गाडी असेल तर तिला रंगाऱ्याकडे नेण्याआधी अर्धा दिवस द्या. आरटीओत चासी नंबरचा ठसा घेतात तसा पातळ कागद ठेवून पेन्सिलनं प्रत्येक पट्टीचा, प्रत्येक ठोकलेल्या अंकाचा ठसा घ्या. रात्री टॉर्च तिरका धरून फोटो काढा. कागदावर गाव, तारीख आणि गाडी कुणाकडून आली ते लिहा आणि तो कागद आरसी बुकात ठेवा.